जाताना बिघडणारी गाडी

"डॉक्टरसाहेब, गाडीत काहीच नाही सापडून राह्यलं," मी म्हणालो. हेच वाक्य मी त्यांना आधीही ऐकवलं होतं, त्यामुळे म्हणताना त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टर राठोड गुरांचे डॉक्टर. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यात घर, आणि आसपासच्या गावांतली गुरं त्यांच्याच भरवशावर. मी दिग्रसच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये सीनियर मेकॅनिक. माझ्याकडे तक्रार घेऊन येणारा माणूस सहसा तोंड सोडूनच येतो. हे मात्र आले की हँडलची छागल काढायचे आणि आधी आम्हा सगळ्यांना पाणी पाजायचे. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ती सतत पाझरते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या पाण्यापुढे कूलरचं पाणी म्हणजे काढा. ते पिऊन झालं की मग ते गाडीचं दुखणं सांगायचे.

गाडी म्हणजे मोटरसायकल, नवी, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची. जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली की केबल ओढली जाते आणि इंजिन जोर धरतं. हिच्यात केबलच नाही. मुठीतला सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला मूठ किती पिळली ते कळवतो आणि एक छोटी मोटर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची हवेची झडप, उघडते. सेन्सर एकच बातमी दोन वेगळ्या वायरींवरून पाठवतो. दोन्ही बातम्या जुळल्या नाहीत तर कॉम्प्युटर कोणावरच विश्वास ठेवत नाही. इंजिनाचा जोर काढून घेतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालते.

डॉक्टरांना हे ऐन ओव्हरटेक करताना झालं होतं, समोरून ट्रक येत असताना. कसेबसे रस्त्याच्या खाली उतरले म्हणून वाचले. चावी बंद करून चालू केली की गाडी पुन्हा शहाणी. माझ्यासमोर तर कायमच शहाणी.

स्कॅनर लावला की मेमरीत फॉल्ट दिसायचा, दोन सिग्नल जुळत नाहीत. सेन्सरसकट मूठ बदलली, तरी तेच. वायरी हलवून पाहिल्या. वायरींचा जोड, ज्याला आम्ही कनेक्टर म्हणतो, तो उघडला तर आत कोरडा ठणठणीत. प्रेशरने पाणी मारून गाडी भिजवली. ती हूं की चूं करेना.

"जातानी होते रफीकभाऊ, येतानी कधीच नाही," डॉक्टर दर वेळी सांगायचे. मी मान डोलवायचो आणि सोडून द्यायचो. वायरीला जाणं काय अन् येणं काय!

आमचे मॅनेजर देशमुख साहेब कंटाळले होते. "रफीक, गाडी ओके करून देऊन टाक. कंपनी आता दुसरा सेन्सर देत नसते."

मी देऊनही टाकली असती. पण त्याच दुपारी डॉक्टरांच्या बायकोचा, सुनीता वहिनींचा फोन आला.

"भाऊ, गाडी बरोबर हाये असं त्यायले सांगू नका," त्या म्हणाल्या. "कोणी बलावलं की हा माणूस निघते. नाही म्हणणं माईतच नाही त्याले. रस्त्यात काही झालं त मी कोणाले विचारू?"

फोन ठेवतो तर समोर डॉक्टर निघण्याच्या तयारीत. शेजारच्या तांड्यावर गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं.

"म्या येतो तुमच्यासंगं," मी म्हणालो. देशमुख साहेबांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी आमच्या माठातून छागल भरून घेतली, हँडलच्या उजव्या बाजूला अडकवली. मी सीटखाली स्कॅनर जोडला आणि तो हातात धरून मागे बसलो.

स्क्रीनवर दोन्ही सिग्नल जोडीने वरखाली होत होते. गाव मागे पडलं, रस्ता खराब झाला, आणि एका खड्ड्यानंतर एक आकडा उड्या मारायला लागला. गाडीचा जोर गेला.

"चावी बंद नका करू," मी ओरडलो. कडुनिंबाखाली थांबलो. एक आकडा अजून नाचतच होता. उशीर होत होता, तिकडे गाय तळमळत असणार, पण डॉक्टरांची सवय सुटली नाही. छागल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "पाणी घ्या पयले. मंग पाहू."

मी हात पुढे केला आणि आकडा स्थिर झाला.

मी पाणी प्यायलो नाही. छागल परत हँडलला अडकवली. आकडा नाचायला लागला. काढली, थांबला.

छागलेचा पट्टा थेट थ्रॉटलच्या वायरीवर बसत होता. भरलेली छागल प्रत्येक खड्ड्याला वायर खाली ओढायची. त्या ओढीने कनेक्टरमागचं रबरी सील सरकायचं आणि पाझरलेलं पाणी वायरीवरून ओघळत आत जायचं. ओल्या पिना ताणाने हलायच्या, ओढ गेली की पुन्हा नीट बसायच्या. गुरं तपासून परत येताना छागल रिकामी, म्हणून गाडी चांगली. वर्कशॉपमध्ये तर ते ती आधीच काढून घ्यायचे, आमच्यासाठी. उन्हात सगळं सुकून जायचं. मी गुन्हेगाराच्याच हातचं पाणी पीत त्याला शोधत होतो.

कनेक्टर पुसला, वायर वर बांधली, चावी बंद-चालू केली. उरलेला रस्ता छागल माझ्या मांडीवर. पँट भिजली, पण गाडी एकदाही अडली नाही.

तांड्यावर म्हातारी याडी, म्हणजे त्या घरची आई, गाईची मान मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी हात घालून वासरू फिरवलं आणि जिवंत बाहेर काढलं. ते लटपटत उभं राहिलं तेव्हा याडीने डॉक्टरांच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याही. माझा तिथे काही संबंध नव्हता. तरी डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सील बदललं आणि छागलेसाठी मागे, सीटजवळ हूक लावून दिला. देशमुख साहेबांनी विचारलं, "कंपनीले काय कळवू?"

"पाणी गेलतं म्हणा."

तेव्हापासून गाडी तपासण्याआधी मी विचारतो, हँडलला काय अडकवता? आणि गिऱ्हाईक तीच ती गोष्ट सांगत असेल तर मान डोलवत नाही, ऐकतो. त्या उन्हात उशीर होत असताना डॉक्टरांनी मला पाणी विचारलं नसतं, तर मी पुढचाही सेन्सर बदलला असता. त्यांचे उपकार मी मानतो.

सुनीता वहिनींनी वर्कशॉपसाठी नवी छागल पाठवली. ती दारात टांगलेली असते. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी पाणी देतो. तिच्याखाली मात्र गाडी लावू देत नाही.