पत्रलेखन फेब्रुवारीत

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. जबलपूरच्या मराठी शाळेत नोकरी लागली, तेव्हा दिलेले काम चोख करायचे एवढेच मला कळत होते. कोणता धडा कोणत्या महिन्यात संपवायचा, याची यादी हेडमास्तरांनी दिली होती. ती मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. खात्याची अभ्यासक्रमाची पुस्तिकाही दिली होती. ती खालच्या कप्प्यात राहिली.

पाचवीत शहराच्या टोकाच्या गढा वस्तीतून येणारी एक मुलगी होती. आई नव्हती, थोरल्या बहिणीने तिला वाढवलेले. ती बहीण लग्न होऊन वर्ध्याकडे गेली होती आणि तिला दिवस गेले होते. वडील कारखान्यात कामाला. त्यांना लिहिता येत नसे. शेजारचे मुन्शीजी हिंदीत चार ओळींचे कार्ड लिहून देत. ताईला काय होते, काय खावेसे वाटते, हे विचारायला मुन्शीजींना कसे सांगायचे? दिवाळीनंतर एकदा ती टेबलाशी आली आणि पत्र कसे लिहितात ते शिकवा म्हणाली.

मी यादी पाहिली. "पत्रलेखन फेब्रुवारीत आहे."

"फेब्रुवारीतच काहून, गुरुजी? ताई आत्ता वाट पाहून राहिली."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि 'काहून' नव्हे, 'का' म्हणावे, असे तिला सांगितले. ती जागेवर जाऊन बसली.

संक्रांतीनंतर ती शाळेत आली नाही. फेब्रुवारीत मी पत्रलेखन शिकवले. मायना, मजकूर, पत्ता, सगळे फळ्यावर. तपासणीला आलेल्या साहेबांनी धडे वेळेवर झाले म्हणून माझे नाव घेतले. त्यांना दाखवायला पुस्तिका काढली होती, ती परत ठेवताना पहिले पान वाचले. मुलाला आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलता-लिहिता यावे, यासाठी हे शिक्षण, असे तिथे साध्या शब्दांत होते. महिन्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. ती वाटणी आमच्या शाळेने केलेली; मी तिलाच अभ्यासक्रम समजत होतो.

रविवारी गढ्यात तिच्या घरी गेलो. ती ओसरीवर एक तान्हे मूल मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून उठू लागली, तर मीच बस म्हणालो. मी तिच्या वडिलांना म्हणालो, रोज संध्याकाळी येईन, तिला पत्र लिहायला शिकवीन.

"आता कोणाला लिहिते, गुरुजी?" ते म्हणाले. "मोठी गेली पौषात, बाळंतपणात. तिचं लेकरू हे."

मुलीने मुलाचे अंगडे सारखे केले.

पुढच्या वर्षी शाळा उघडली त्याच आठवड्यात मी पत्रलेखन घेतले. हेडमास्तरांनी माझ्या वहीत शेरा लिहिला, 'क्रम सोडला'. मी त्याखाली सही केली.