पूजा न झालेली काठी

आज खंडेनवमी. सकाळी आमच्या गोल्फच्या मैदानावर काठ्यांची पूजा झाली. हसू नका. लातुरात औसा रोडला हे मैदान आहे आणि तिथं गोल्फच्या काठ्या शस्त्रांत मोडतात. सतरंजीवर ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूचं फूल. मीही माझी काठी ओळीच्या टोकाला ठेवली. अण्णांनी ती उचलली. रुमालानं धरून. भिंतीला टेकवली.

"सर, लाईन लई लांब व्हायली. राहू द्या तिकडं."

अण्णा म्हणजे मैदानाचे मालक. मग झेंडूची माळ गवत कापायच्या मशीनला गेली. जनरेटरला गेली. अण्णांच्या गाडीला तर दोन. माझी काठी खराट्याशेजारी उभी. खराट्यालाही कुंकू होतं.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अण्णांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. परीक्षा आली की अण्णा त्याला घरी आणून माझ्या पाया पडायला लावतात. माझे पाय चालतात. काठी चालत नाही.

गोल्फ आवडला म्हणून शिकायला लागलो. एवढं साधं. पुण्याहून आलेला कोच पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांवर बोटं ठेवून पकड शिकवायचा. "आधी कंबर वळू द्या. हात मागून येतील." मान खाली ठेवा, म्हणायचा. ते बाकीच्यांना जड जायचं. मी ते घरूनच शिकून आलो होतो.

मग एकदा चहाच्या वेळी अण्णांनी विचारलं, "सर, गाव कोणतं?"

"मुखेड."

"मुखेडात कुठं?"

मी गल्ली सांगितली.

"हां हां," अण्णा म्हणाले आणि कप खाली ठेवला. आमच्याकडं हल्ली जात कोणी विचारत नाही. गल्ली विचारतात.

दुसऱ्या दिवसापासून कोच माझी पकड छडीच्या टोकानं दुरुस्त करू लागला. अंगठा इकडं. टोचून. कोपर आत. टोचून. बैल वळवतात तसं. शेजारच्या मॅटवर शिकायला येणाऱ्या एका डॉक्टरांना मात्र हातात हात धरून शिकवणं चालू. मी स्वतःला समजावलं, नवी पद्धत असेल. शिकलेल्या माणसाला स्वतःच्या अपमानासाठीही कारणं सुचतात.

मी गच्चीवर सराव केला. रोज, कॉलेजच्या आधी, चेंडूशिवाय. हात घाई करायचे, कंबर मागं राहायची. कित्येक महिने. मग एका सकाळी मैदानावर ते जमलं. चेंडू सरळ, अंतराच्या शेवटच्या पाटीवरून जाळीत गेला. हाताला धक्कासुद्धा जाणवला नाही.

मागून अण्णा. "मनगट बघा सरांचं! घरचीच हलगी हाय ती."

सगळे हसले. कोचही.

माझे वडील लग्नांत हलगी वाजवायचे. मांडवाच्या बाहेर उभं राहून. त्यांच्या मनगटावर अख्खी वरात नाचायची, आणि तहान लागली की त्याच मनगटांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. खंडेनवमीला ते हलगीला स्वतःच्या हातानं कुंकू लावत. आणखी कोण लावणार?

आज भिंतीशी उभ्या काठीकडं बघताना ते कुंकू आठवलं.

"अण्णा, खराट्याला कुंकू चाललं. माझ्या काठीला का नाही?"

"मनाला लावून घेऊ नका, सर. रीत असती एकेक. तुमी तर शिकलेले."

मी काठी उचलली. पहिल्या मॅटवर गेलो. ती अण्णांची मॅट.

"अवो सर! आज हत्याराला हात लावत नसतेत! पूजा झालीय!"

"तुमच्या काठ्यांची झालीय. माझ्या काठीची नाही."

कोणी हसलं नाही. रीत त्यांचीच होती. फूल वाहिलेली काठी आज त्यांना उचलता येत नव्हती. पहिला चेंडू मी रागानं मारला. तो मॅटवरून घरंगळून पडला. राग हातात आला की कंबर वळत नाही. थांबलो. मग मारला तो सरळ गेला. त्यापुढचाही. पूजेला आलेल्या पुरोहितांची शेवटची आरती अर्ध्यावर अडकली.

मी कोचला हाक मारली. "पकड बघा माझी."

त्याचा हात सवयीनं छडीकडं गेला. छडी सतरंजीवर होती. फुलाखाली. आता त्याच्यापाशी फक्त हात उरला होता. त्यानं अण्णांकडं पाहिलं. आणि हात खिशात घातला.

उद्या दसरा. अण्णा पोराच्या हाती सोनं पाठवतील, पाया पडायला लावतील. पोराला मी शिकवीन, ते माझं काम आहे. पण त्या घरचं आपट्याचं पान घेणार नाही, पायही पुढं करणार नाही.

त्यांना वाटतंय मी मैदान सोडीन. नाही सोडणार. परवा सकाळी पहिल्या मॅटवर मीच उभा असेन. कोच माझी पकड हातानं दुरुस्त करील, सगळ्यांच्या देखत. तोवर मी मॅटवरून हलणार नाही. आणि तोवर तिथं दुसऱ्या कुणाचा चेंडू उडणार नाही.