दोन चुलींचं टपाल

छापखानावाल्या पंचाक्षरी स्वामींना तो मेल दिसला तेव्हा त्यांनी छापलेल्या शिवानीच्या लग्नाच्या पत्रिका उदगीरपासून देगलूरपर्यंत घरोघरी पोचल्या होत्या. दोन-चार घरांत तर त्यांच्यावर दुधाची पातेलीसुद्धा टेकली असतील.

मेल वधूपित्याचा होता. अमरनाथ, मोंढ्यातले अडत दुकानदार. मजकूर एवढाच: 'कमलाताई, आमच्या मेव्हण्यांचं नाव राहिलं. ईश्वरप्पा, देगलूर, वधूचे मामा. सगळ्यात वर घाला.'

स्वामींनी टेबलावरची नमुन्याची पत्रिका उचलली. आजोबा होते. काका होते, काकांचे व्याही होते. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पाच-सहा चिल्लीपिल्ली होती, त्यातलं एक तर अजून पाळण्यात होतं. मामा नव्हता.

नवऱ्या मुलाची डिग्री चुकली तर आमच्याकडं लोक हसून सोडून देतात. बोहल्यावर मुलीच्या पाठीशी उभा राहणारा मामा पत्रिकेत नसेल, तर तो मांडवातही येत नाही, आणि मग पुढच्या दोन पिढ्या त्या घरी कुणी पाणी पीत नाही. मेल पुसून टाकायचं बटण स्वामींच्या बोटाखालीच होतं. त्यांनी बोट उचललं, मांडीखाली घेतलं आणि हाक मारली, "अगं, जरा इकडं बघतीस का?"

"काय झालं री?" कमलम्मा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या कमलाताई, आतून म्हणाल्या. कानडी मुलखातलं, भालकीकडचं माहेर. लग्नाला इतकी वर्षं झाली, मराठी उदगीरची झाली, पण नवऱ्याला मारायची हाक तेवढी माहेरची राहिली. हे 'री' कधी गोड असतं, कधी नसतं. स्वामींना बाहेरूनच ओळखू येतं.

कमलम्मांनी मेल वाचला. चष्मा पुसून परत वाचला. "मी पत्रिका मशीनवर चढवली त्याच्या आदल्या दिवशी आलाय हा. मला कामून दिसला न्हाई?"

"मी विंडोजात होतो. कागदवाल्याचं उत्तर आलं का बघायला मेल उघडला. बाकीचे नंतर बघू म्हणलं."

"आन् नंतर?"

"नंतर हे आत्ताच की."

आता इथं 'महानंदा प्रिंटर्स'ची घरगुती व्यवस्था सांगायला हवी. महानंदा म्हणजे स्वामींच्या आई. त्यांच्या नावाचं हे दुकान, आणि दुकानात कंप्युटर एकच. पण त्या एका कंप्युटरात दोन चुली. स्वामी विंडोजवाले. त्यांचे वळणदार मराठी टाइप, गणपती, कलश, अक्षता टाकणारे हात हे सगळं विंडोजमध्येच चालतं. कमलम्मा लग्नाआधीपासून टायपिंगच्या क्लासात मुलींना कंप्युटर शिकवायच्या. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनं विंडोज तिसऱ्यांदा आडवं पडलं, तेव्हा त्यांनी डिस्कची वाटणी करून अर्ध्यात लिनक्स बसवलं. "तुमची चूल तुम्हाला, माझी मला," म्हणाल्या. मशीन चालू करताना कुठली चूल पेटवायची ते विचारतं. सकाळी त्या लिनक्समध्ये मजकूर तपासतात, दुपारनंतर स्वामी विंडोजमध्ये कलश मांडतात. संसार सुखाचा.

मेलचा प्रोग्राम दोन्हीकडं एकच, पण दोन्हीकडं वेगवेगळा मांडलेला. दुकानाच्या पत्त्याला कंपनीनं दिलेली जागा तळहाताएवढी. म्हणून मेल उतरवून घेतला की तिकडून पुसला जायचा. म्हणजे दूधवाल्यासारखं. दारात ज्याचं भांडं दिसेल त्यात तो दूध ओततो आणि सायकलवर बसून जातो. स्वामींच्या भांड्यात आलेलं कमलम्मांना दिसत नव्हतं, कमलम्मांच्या भांड्यातलं स्वामींना. आजवर निभावलं, कारण स्वामी मेल क्वचितच उघडायचे.

कमलम्मांना लागलं ते वेगळंच. दुकानात दर्शनी भिंतीवर त्यांचा बोर्ड आहे: 'मजकूर मेलवर आला तरच छापला जाईल. तोंडी, फोनवर, रस्त्यात सांगितलेलं धरलं जाणार नाही.' हा बोर्ड त्यांचा अभिमान. व्हॉट्सॲपवर सकाळच्या नमस्काराच्या फुलांमध्ये आत्याचं नाव हरवतं, फोनवर आडनाव बदलतं; मेलवर आलेलं मात्र कमलम्मांच्या हातून कधी सुटलं नाही. पत्रिका तपासताना त्या नावं खालून वर वाचतात. वरून वाचलं तर डोळा ओळखीच्या वाटेनं पळतो, असं त्यांचं म्हणणं. निलंग्यापासून अहमदपूरपर्यंतची गिऱ्हाइकं त्या खालून वर वाचण्यासाठी येतात, स्वामींच्या कलशासाठी नाही. हे स्वामी स्वतःच सांगतात, तेही छाती फुगवून.

अमरनाथांचा फोन आला. मामा देगलूरला रुसून बसले होते. अमरनाथ ओरडले नाहीत. "ताई, तुमच्या बोर्डाप्रमाणंच केलं होतं," एवढंच म्हणाले. कमलम्मा बराच वेळ बोर्डाकडं बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी वाटायच्या राहिलेल्या पत्रिका परत मागवल्या, मामांचं नाव सगळ्यात वर घालून नव्या छापल्या, एक पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "चप्पल घाला री. देगलूरला जायचंय."

"मी कशाला?"

"मेल कुणाच्या चुलीवर होता?"

एस्टीत स्वामींना खिडकी मिळाली, पण बाहेर बघायची हिंमत झाली नाही.

ईश्वरप्पांचं देगलूरला बी-बियाणांचं दुकान. टोपी, कपाळावर विभूती, मिशी अशी की चिडले नसले तरी चिडल्यासारखे दिसत. आज तर चिडलेच होते. पत्रिका त्यांनी हातात घेतली नाही. कमलम्मांनी पिशवीतून अमरनाथांचा मेलही छापून आणला होता, तो पुढं ठेवला. मामांनी तो तारखेसकट वाचला.

"म्हणजे आधी मला विसरलाच होता की भावजी."

स्वामी मध्ये पडायला तोंड उघडणार, तेवढ्यात कमलम्मा म्हणाल्या, "हाव, विसरले होते. मग आठवलं, तसं लगेच लिहिलं. ते लिहिलेलं आम्ही हरवलं. विसरल्याचा राग तुमच्या भावजींवर काढा, हरवल्याचा आमच्यावर. दोन्ही राग एका पोत्यात भरू नका, मामा."

मामांना सवय होती ती गयावया करणाऱ्या माणसांची. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "एका डबड्यात आलेला कागद तिथंच हरवतो कसा, ते सांगा आधी."

कमलम्मांनी सांगितलं. दोन चुली, दोन भांडी, दूधवाला. मामा ऐकता ऐकता पुढं सरकले. त्यांच्या घरी दोन मुलं वरच्या-खालच्या मजल्यावर वेगळी झाली होती. मामा जेवायला थोरल्याकडं, झोपायला धाकट्याकडं. "वरचा निरोप वर राहतो, खालचा खाली," ते म्हणाले. "मागं सोयरे येऊन गेले, मला चार दिवसांनी कळलं. मग तुम्ही दोन्ही चुलीला भांडं एकच का न्हाई ठेवत?"

"ठेवणार हाय."

"ठेवा. मी मंगळवारी उदगीरला येणार हाय. तुमच्या दुकानात बसून एक मेल करतो. यांच्या चुलीवर दिसला, तुमच्या चुलीवर दिसला, तर मी लग्नाला येतो. एकीकडंच दिसला तर पत्रिकेतलं नाव तुमच्यापाशीच ठेवा."

परतीच्या एस्टीत स्वामी म्हणाले, "पोरीचा मामा आता आपल्या डबड्यावर अडकलाय."

"तुमच्यावर अडकलाय," कमलम्मा म्हणाल्या, आणि उदगीरपर्यंत झोपून गेल्या.

मग महानंदा प्रिंटर्समध्ये जे झालं ते स्वामींनी स्टुलावर बसून पाहिलं. डिस्कवर दोन्ही वाटण्यांच्या मध्ये एक तिसरा कप्पा होता. फोटो ठेवायचा, दोन्हीकडून उघडणारा. दोन घरांच्या मधल्या ओसरीसारखा. कमलम्मांनी आपलं सगळं टपाल उचलून त्या ओसरीवर नेलं. स्वामींकडचं टपाल त्यात ओतलं. त्यात कागदवाल्याची तीन न वाचलेली उत्तरं निघाली, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मग लिनक्सकडच्या प्रोग्रामला सांगितलं, तुझा डबा आता ओसरीवर. विंडोजकडच्यालाही तेच सांगितलं. तो ऐकेना. स्वामींकडचा प्रोग्राम जुना, कमलम्मांकडचा नवा. नव्यानं हाताळलेलं जुना उघडत नाही म्हणाला.

"हा तुमच्यावर गेलाय," कमलम्मा म्हणाल्या आणि त्यांनी तो नवा करून घेतला. स्वामींनी तोवर डोळे मिटून आपल्या कलशांसाठी प्रार्थना केली. कलश वाचले.

आणखी एक खोड त्यांनी काढून टाकली. विंडोज बंद झाल्यासारखं दिसतं, पण दुसऱ्या दिवशी चटकन उठता यावं म्हणून अर्धवट जागं राहतं, आणि ओसरीची किल्ली कमरेलाच ठेवून झोपतं. मग लिनक्स उठलं तरी त्याला ओसरीचं दार उघडत नाही. कमलम्मांनी ती सोय बंद केली. "आता हे मशीन बंद म्हणजे बंद," त्यांनी जाहीर केलं.

मंगळवारी मामा आले. अमरनाथही आले, हात पुसत, कोपऱ्यात उभे राहिले. भावजी-मेव्हणे एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही कमलम्मांशीच बोलले. स्वामी विंडोजमध्ये कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका मांडत होते, म्हणजे मांडल्यासारखं करत होते.

मामांनी फोन तोंडासमोर धरला. त्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही, पण फोनला बोलून दाखवलं की तो लिहितो, हे सुनेनं शिकवलं होतं आणि मामांना ते फार आवडलं होतं. मोंढ्यात भाव पुकारावा तशा आवाजात ते म्हणाले, "ईश्वरप्पा, वधूचे मामा, देगलूर. नाव मोठ्या अक्षरात." समोरच्या चहावाल्यानंही ऐकलं. गुपित काही उरलंच नाही, तरी सगळे पडद्याकडं डोळे लावून बसले.

स्वामींनी मेल उघडला. आला. मोठ्या अक्षरात नव्हता, पण आला.

"एक चूल झाली," मामा म्हणाले.

स्वामींनी ऐटीत बटण दाबून मशीन बंद केलं. परत चालू झालं, कमलम्मांनी लिनक्स निवडलं, प्रोग्राम उघडला. रिकामा. ओसरीचं दार बंद होतं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बंद. अमरनाथांनी भिंतीला पाठ टेकली. मामांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

"मामा, बसा. चहा येऊ द्या," कमलम्मा म्हणाल्या. आवाज जराही हलला नव्हता.

त्यांनी परत विंडोज चालू केलं. ते उठलं, आणि समोर वास्तुशांतीची पत्रिका जशी होती तशी उघडी. अर्धा कलश, त्यावर न ठेवलेला नारळ. कमलम्मा सावकाश नवऱ्याकडं वळल्या.

"री."

हे गोड नव्हतं. स्वामी पंख्याकडं बघू लागले. लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही म्हणून त्यांनी फार पूर्वीच एक युक्ती करून ठेवली होती: बटण दाबलं की मशीन बंद व्हायचं नाही, मांडलेलं काम कुशीत घेऊन झोपायचं. युक्ती स्वामींच्या अंगात इतकी भिनली होती की ती युक्ती आहे हेच ते विसरले होते. किल्ली कमरेला तशीच.

"ही खोड मला म्हाईत नव्हती," कमलम्मा मामांना म्हणाल्या, "आता झाली." त्यांनी बटणाची ती सवय मोडून टाकली, मशीन खरोखर बंद केलं आणि लिनक्स उठवलं. स्वामींनी मनात पंचाक्षरी मंत्र म्हटला. नावच तेच असल्यामुळं त्यांना तो आपोआप येतो.

प्रोग्राम उघडला. सगळ्यात वर: 'ईश्वरप्पा, वधूचे मामा, देगलूर.'

मामांनी चष्मा चढवून खालून वर वाचलं. ते कुठं शिकले कोण जाणे. मग अमरनाथांकडं वळून म्हणाले, "भावजी, पोरीचा शालू घेतलाव का अजून? तो मामाकडून असतो, एवढं तरी ध्यानात हाय का?"

अमरनाथांनी डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं दाखवलं.

लग्नात मामा शिवानीच्या पाठीशी उभे राहिले, आणि अक्षता पडल्यावर वरपक्षाच्या मंडळींना दोन चुलींची गोष्ट सांगत फिरले. त्यांच्याहून मोठ्यानं ती स्वामी सांगत होते. आचाऱ्याला सांगितली, बँडवाल्यांना सांगितली. बँडवाल्यांनी आपल्या कार्डाचा मजकूर मेलवर पाठवायचं कबूल केलं. स्वामींनी इतकी फुशारकी स्वतःच्या कलशाबद्दल कधी मारली नव्हती.

जेवणाच्या पंगतीत ते कमलम्मांच्या शेजारी येऊन बसले. बायकोची स्तुती तोंडावर करायची त्यांची रीत नव्हती. पण आज पोटात बुंदी होती आणि समोर मामा हात वर करून भाचेजावयाला घास भरवत होते.

"कमल," ते म्हणाले, "या मांडवात मामा तू आणलास. अख्ख्या उदगिरात हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मी जाईन तिथं सांगणार."

कमलम्मांनी घास खाली ठेवला.

"येताना मशीन बंद केलाव का झोपवलाव, ते सांगा री."