नवऱ्याने स्वतः हाकलेली मोटार

एकसष्ट साली आमच्या मसुऱ्यात स्वतःची मोटार असलेला एकच माणूस, माझा धाकटा भाऊ सत्यवान. बढाई नाही, कोणालाही विचारा. मुंबईवाल्याने टाकलेली गाडी त्याने टॅक्सी करून जिवंत केली. चहाच्या आधी ब्रेकचं तेल बघायचा, पावसाळ्याआधी चारही चाकांचे ड्रम उघडून रबरं बदलायचा. मला सांगायचा, पाय दाबला की तेल नळीतून चाकात जातं, रबर पुढे रेटतं, लायनर ड्रमला धरतात, चाक थांबतं. पाय काढला की सगळं मागे. मी चौथी पास, तरी लगेच समजलं. मग गावाला मीच समजावलं.

त्याचं लग्न देवगडच्या सावित्रीशी ठरलं. तिचे वडील धोंडू खोत कुरकुरत होते. "ड्रायव्हराचो काय भरवसो? मुहूर्त चुकलो तर चेडू देवचंय नाय."

म्हणून नवरा मुंडावळ्या बांधून स्वतःच गाडी हाकत निघाला. शेजारी मी, मागे आई. आचऱ्याच्या पुढे जळका वास आला आणि गाडी आपोआप थांबली. चाकं धरलेली, सुटेनात.

सत्यवानाने ब्रेकच्या तेलाची टाकी उघडून हुंगलं. "आये, ह्यां खोबरेल कोणी घातल्यान?"

"मियाच घातलंय. टाकी कमी दिसली. काल हळदीक तुका तेल लागला, गाडयेक कोण लावतलो?"

"रबरां फुगली गो. पाय काढलंय तरी तेल मागे येना नाय."

नवरा धोतर खोचून गाडीखाली गेला. चाकामागचे स्क्रू सैल केले, तेल फसकन उडालं, चाकं सुटली. पण ब्रेकही गेला. आता नुसता गिअर आणि हातब्रेक. तसेच हळूहळू देवगडला पोचलो.

"दादा, मांडवाकडे उतार आसा. दगड घेवन चाकाबरोबर धाव."

"नवऱ्याचो मोठो भाव मी, जरीची टोपी घालून धावू?"

"धाव, नायतर सासऱ्याक घेवनच बोहल्यार जातलंय."

आई मागे हसून हसून आडवी. मी धावलो, आणि देवगडात तसा कोणी धावला नसेल. पहिल्या गिअरात गाडी गुरगुरत उतरली, त्याने हातब्रेक ओढला, मी चाकाखाली दगड सारला. मांडवाच्या दारात उभ्या धोंडू खोतांच्या पोटापासून वीतभर अंतरावर बंपर थांबला. मुहूर्ताला अजून वेळ होता.

खोतांनी बंपर बघितला, तेलाने माखलेला जावई बघितला. मग पाहुण्यांकडे वळले.

"बघलास? ह्येका म्हणतत ब्रेक."

मी दगडावर पाय ठेवून उभा होतो. "माजो भाव आसा तो," म्हटलं.