मोठ्याने वाचण्यास सक्त मनाई

“हे काय चाललंय, मॅडम?” प्रमुखसाहेब दारातूनच माझ्यावर ओरडले. “वाचनालय आहे की भाजीबाजार?”

विमलताई वाचायच्या थांबल्या. त्यांच्यासमोर सतरंजीवर वीसेक बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर साडी आणि हातात छोटी कात्री. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापायचं काम त्या घरी आणत आणि दुपारी आमच्याकडे घेऊन येत. हात कामात, कान गोष्टीत. विमलताई त्यांच्यातल्याच, पण त्यांना वाचता येई. कादंबरी रहस्याची होती. डॉक्टरची मेलेली पहिली बायको स्टेशनवर कुणालातरी दिसली होती आणि नेमके तेव्हाच साहेब उगवले.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सुरतेतल्या भेस्तानच्या एका मराठी मंडळाच्या वाचनालयात मी लायब्रेरियन होते. सुरतेत अध्यक्षाला प्रमुख म्हणतात. आमचे नवे प्रमुखसाहेब म्हणजे सचिन औद्योगिक वसाहतीतल्या मिलांना मजूर पुरवणारे ठेकेदार. निवडून आल्याबरोबर त्यांना शिस्त लावायची घाई झाली होती.

मी म्हटलं, “साहेब, ही आपली एक्स्टेन्शन अ‍ॅक्टिव्हिटी आहे.”

“म्हणजे?”

“ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही पुस्तक पोचवायचं. लायब्ररीचंच काम आहे ते. कोर्समध्ये शिकवतात आम्हाला.”

“कोर्स राहू द्या. वाचता येत नाही तर वाचनालयात यायचं कशाला?”

त्यांच्या मागे कमिटीतले दोघे उभे होते. ते हसले. त्यासाठीच ते कमिटीत होते.

“आणि आवाज केवढा हो!”

आवाज मोठा होता, हे खरं. बऱ्याच जणी लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं राबून कानाने मंदावल्या होत्या. विमलताई खणखणीत वाचत म्हणून त्यांना ऐकू जाई. खालच्या मजल्यावर त्याच वेळी कॅरम चाले. स्ट्रायकर आपटणं, शिव्या, हरणाऱ्याच्या नावाने शिट्ट्या. मंडळाच्या नियमांत त्याला मनोरंजन म्हणत. साहेब स्वतः खेळत, त्यामुळे तो आवाज त्यांच्या कानाला कधी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. ‘शांतता राखा. मोठ्याने वाचण्यास सक्त मनाई.’ सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली गेली. मी विमलताईंना म्हटलं, पुस्तक घरी न्या, मी इश्यू करते.

“घरी कुठं वाचू, मॅडम? एकच खोली. रात्रपाळी करून आलेला नवरा दिवसभर झोपतो,” त्या म्हणाल्या आणि साडीचं बोचकं उचलून निघून गेल्या.

बायका यायच्या बंद झाल्या. काही दिवसांनी साहेब पाहणीला आले. टेबलाशी एक रिटायर्ड क्लार्क वर्तमानपत्रावर डोकं ठेवून झोपला होता. बाकी खोली रिकामी.

“आता कशी लायब्ररीसारखी वाटते!” साहेब म्हणाले. खोलीचं नाव तेवढं लायब्ररी उरलं होतं.

साहेबांच्या आई, जिजी, या सगळ्या काळात गावी लग्नाला गेल्या होत्या. आमच्या रोजच्या श्रोत्यांपैकी त्या एक. मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नसे, पण गोष्ट एक दिवस चुकवत नसत. परतल्यावर धापा टाकत जिना चढून आल्या आणि रिकामी खोली बघून दारातच उभ्या राहिल्या. काय झालं ते मी सांगितलं, लेकाच्या नावासकट. जिजी त्यांच्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, “सांजले पुस्तक घी ये, घर.”

संध्याकाळी मी पुस्तक घेऊन गेले. साहेब झोपाळ्यावर चहा पीत होते. जिजींनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि लेकासमोर धरलं.

“वाच. डॉक्टरनी बायको जित्ती शे का मरेल शे?”

“आई, मॅडम वाचतील ना.”

“मॅडम कसाले? वाचनालयना प्रमुख तू शे ना?”

साहेबांनी पुस्तक उघडलं. पहिली ओळ कशीबशी झाली. दुसऱ्या ओळीतल्या ‘क्षणार्धात’पाशी अडखळले, मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा अडकले. त्यांचं सगळं शिक्षण गुजराती शाळेत झालेलं. त्यात लाज काहीच नव्हती, सुरतेत निम्म्या मराठी घरांत तेच आहे. पण या गृहस्थाने दुसऱ्यांचं वाचणं बंद पाडलं होतं. मी मदत केली नाही. मला मजा येत होती.

जिजींनी पानभर धीर धरला. मग म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. विमलले बलाव.”

पुढच्या मीटिंगमध्ये साहेब खाकरले. “मी बराच विचार केला. आपल्या अशिक्षित भगिनींसाठी आपण श्रवण विभाग काढू.”

दोघांनी टाळ्या वाजवल्या.

रीतसर उद्घाटन झालं. फीत, नारळ, फोटोग्राफर. माळ्यावरची तीच सतरंजी झटकून अंथरली होती. भाषणात साहेबांनी सांगितलं, की ही कल्पना आपल्याला आईच्या सेवेतून सुचली. विमलताईंचं नाव त्यात नव्हतं. त्या मागे बसून धागे कापत होत्या. भाषण लांबत चाललं तशा बायका चुळबुळायला लागल्या. शेवटी जिजींनीच पुढून आवाज दिला, “विमल, वाच आते!”

विमलताईंनी पुस्तक उघडलं आणि लूमच्या खात्यातही ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. साहेबांचं आभारप्रदर्शन फोटोग्राफरशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर बऱ्याच प्रमुखांच्या हाताखाली मी नोकरी केली. एक कळलं. आपल्या आधीपासून चांगलं चाललेलं काम मोठ्या माणसाला दिसत नाही. ते त्याला एकदा बंद पाडू द्यावं. मग फीत कापायला तो स्वतःच्या खिशात कात्री घेऊन येतो.