नगरसेवकाने रोट खाल्ला

उखा भदाणेच्या तोंडात किती दात उरलेत ते पाहिलं की सुरतच्या पांडेसऱ्यात सध्या कुणाचं राज्य चाललंय याचा अंदाज यायचा. पहिला दात त्याने एका कामगार पुढाऱ्याला भर सभेत "संप कधी मिटेल?" असं विचारून घालवला. दुसरा वस्तीत नळ आणताना गेला. मंजूर झालेले पाइप कंत्राटदाराची माणसं परत ट्रकमध्ये चढवत होती, तेव्हा उखा चाकापुढे आडवा झाला. कुदळीचा दांडा तोंडावर बसला. उखाने दात नळाच्या चरात थुंकला, दांडेवाल्याच्या कानाचा लचका तोडला आणि पाइप उतरवून घेतले. पुढे कुणी नळाच्या पाण्याचं कौतुक केलं, की तो मान डोलवायचा. "गोड ऱ्हाईनच ना भो! मन्हा दात गाडेल शे तठे."

एरवी माणूस अगदी गरीब. शिंदखेड्याकडून आलेला, अंगाने काडी. पण डाइंग मिलमध्ये ओलं कापड ओढून आणि पिळून मनगटं दोरखंडासारखी झालेली. हात कधी जांभळे, कधी राणी रंगाचे. घरात मात्र बायकोपुढे, पुष्पाबाईपुढे, त्याचा आवाज निघत नसे. मार खाऊन आला की आधी तिची बोलणी, मग हळद.

"सम्दी हळद तुम्हना थोबाडले लागस," ती म्हणायची, "मी भाजीमा काय टाकू?"

प्लेग येऊन गेला आणि सुरत लख्ख झाली. आमच्या वस्तीत झाडू आला, डांबर आलं आणि भूपेंद्रभाईही आला. बाप चाळीसगावचा, जन्म सुरतचा. अहिराणी त्याला सगळी कळायची, पण बोलायची वेळ आली की जीभ गुजरातीत पळायची. तरी आपलाच पोरगा म्हणून लोकांनी त्याला नगरसेवक केलं. मिरवणुकीत तो ज्या खांद्यावर बसला होता तो खांदा उखाचा होता.

खांद्यावरून उतरल्यावर महिन्याभरात त्याने नळावर लोखंडी पेटी बसवून कुलूप घातलं. सकाळी थोडा वेळ पेटी उघडायची, बाकी दिवसभर भूपेंद्रभाईचा टँकर. विकतचा. किल्ली कुणा पोराकडे नव्हती, साहेबांच्या स्वतःच्या जुडग्यात असायची, मारुती गाडीच्या किल्लीशेजारी.

उखा कचेरीत गेला. टेबलामागून भूपेंद्र गोड हसला. "आवो काका. शुं काम?"

"नळ उघड."

"लाइनमां प्रेशर नथी, काका. अर्जी आपो, जोईशुं."

"अर्जी कशाची? नळाखाली माझा दात आहे."

भूपेंद्रने नुसती मान हलवली. त्याच्या पोरांनी शटर अर्धं ओढलं. पहिल्याने सायकलची चेन पाठीवर ओढली, दुसऱ्याने उखाला पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. हाड मोडल्याचा आवाज बाहेर पानाच्या टपरीपर्यंत आला. आणि ही पोरं कोण? वस्तीतलीच. लहानपणी पुष्पाबाईच्या हातची शेव खाल्लेली. शेवटी त्याचा डावा हात पायाखाली धरून एकाने टाच फिरवली, तेव्हा उखा पहिल्यांदा ओरडला.

चौकीवर हवालदाराने विचारलं, "कुठे पडलास?"

"नगरसेवकाच्या बुटांवर," उखा म्हणाला. "सारखा सारखा."

हवालदार हसला. तक्रार तिथेच संपली.

त्यानंतर वस्ती गप्प झाली. बायका हंडे घेऊन टँकरमागे धावू लागल्या. एकदा धक्काबुक्कीत वत्सलाबाईचं कपाळ टँकरच्या कडीवर फुटलं, हंड्यातलं पाणी लाल झालं. उखा हात गळ्यात बांधून ओट्यावर बसायचा आणि पेटीकडे बघत राहायचा. जखमी झाला की तो चिडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी तो नुसताच विचार करत होता आणि पुष्पाबाईला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात श्रावण आला आणि आमच्या कानबाई आल्या. खानदेशी माणूस सुरतेत काय काय सोडेल, पण कानबाई सोडणार नाही. नारळाची देवी, नथ, दागिने, चौरंग, बायकांची गाणी. आणि रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचे रोट करायचे. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला तुकडा द्यायचा नाही, ताटात उष्टं टाकायचं नाही.

नेमकं त्या वर्षी भूपेंद्रला आमदारकीचं तिकीट हवं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, कानबाईचा रोट खातानाचा फोटो छापून आला की सगळे खानदेशी तुझे. रविवारी उन्हं कलताना तो पांढरा सफारी घालून, फोटोवाला आणि पोरं घेऊन थेट उखाच्या घरी. तिथेच भाऊबंदांची पंगत बसली होती.

"काका, मने पण रोट आपो ने!"

भाऊबंदांतले सर्वांत थोरले चिंधा आबा. त्यांनी घसा खाकरला. "हाऊ रोट भाऊबंदलेच चालस, बापू."

"तो हुं कोण छुं? घरनोच!"

"बसू द्या, आबा," उखा म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने बोलला ना तो? पुष्पा, वाढ त्याला."

पुष्पाबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की हळदीचा डबा आता कायमचा बंद. बायकांत कुजबुज झाली. उखा घाबरला. उखा विकला गेला. तिने रोट ताटात अक्षरशः आपटला.

भूपेंद्रने एक घास घेतला, फोटो काढून झाला, तसा तो उठायला लागला. उखाने त्याच्या खांद्यावर जांभळा हात ठेवला.

"सम्दा खाय. उष्टं टाकता येत नाही."

कॅमेरा समोर होता. भूपेंद्रने ताट पुसून खाल्लं.

"आबा," उखा म्हणाला, "हा आता कोण?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग डोळे चमकले. "भाऊबंद."

"अन भाऊबंदले मारं तर?"

"घरनी गोठ शे, घरमाच ऱ्हास. पोलीस नही, पार्टी नही."

"नागरिक होतो तेव्हा मला अर्जी लागायची," उखा भूपेंद्रला म्हणाला, आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं.

सफारीवर रक्ताची धार लागली. "देवीपुढे रगत नको!" पुष्पाबाई किंचाळली. "भाईर व्हा!" दोघं एकमेकांना धरून ओट्यावरून गल्लीत कोसळले. पोरं धावली, तर आबा काठी आडवी धरून उभे. "ज्यानी रोट खादा नही, तेनी मधमा येवानं नही!" आबांच्या मागे त्या पोरांच्या आयाच उभ्या होत्या, पदर खोचून. पोरं थबकली. आत राहिलेल्या बायकांनी कानबाईची गाणी चढ्या आवाजात धरली, म्हणजे गल्लीबाहेर काही ऐकू जायला नको.

भूपेंद्र तरणा होता, उखाचा एक हात निकामी. भूपेंद्रने मोडकी बरगडी हेरून गुडघा घातला. एकदा, दोनदा. उखा आडवा झाला. मग अंगठीच्या मुठीने तोंड फोडलं आणि तिसरा दात गेला. उखा रक्त गिळत राहिला, पण उजव्या हाताने त्याने भूपेंद्रचं मनगट पकडलं होतं ते सोडेना. मिलमध्ये ओल्या कापडाला देतात तसा पीळ दिला. अजून दिला. कट्टकन आवाज झाला. भूपेंद्र आईच्या नावाने ओरडला, आणि सगळ्यांनी ऐकलं, तो अहिराणीत ओरडला.

"किल्ली," उखा म्हणाला.

जुडगा चिखलात पडला. पुष्पाबाईने तो उचलला, पेटी उघडली आणि नळ सोडला. घटकाभरात सगळ्या गल्लीचे हंडे रांगेत लागले.

भूपेंद्र उठला. नाक वाहत होतं, हात लोंबत होता. तोंड धुवायला तो सरळ नळाकडे गेला, तर पुष्पाबाईने हंडा आडवा घातला.

"नंबर शे. मांगे उभा ऱ्हाय."

त्याने पोरांकडे पाहिलं. पोरांनी आयांकडे पाहिलं. शेवटी नगरसेवक वत्सलाबाईच्या मागे रांगेत उभा राहिला. कुणीतरी त्याच्या धड हातात डालड्याचा रिकामा डबा दिला.

रोट खातानाचा फोटो छापून आला. तक्रार त्याने केली नाही. रोट खाऊन भाऊबंदाचा मार खाल्ला, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढच्या श्रावणात पुष्पाबाई गहू मोजत बसली. नवऱ्याच्या नावाची सव्वा मूठ टाकली, दिराच्या नावाची टाकली आणि गव्हाच्या डब्याला झाकण लावलं.

"थांब," उखा दातांच्या फटीतून म्हणाला. "भूपेंद्रच्या नावानी टाक."

"त्या मेल्याच्या?"

"टाक वं. भाऊबंदच ऱ्हाऊ दे त्याला. उद्या परत कुलूप लागलं तर?"