नळाजवळचा चिखल पाहून विमानशाळा निवडली

आमच्या खडकीत माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात. लोहगावहून लढाऊ विमान उठलं की डोक्यावरून जाईपर्यंत कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. मग भांडण असो, भाजीचा भाव असो की मयताच्या घरचं सांत्वन असो, वाक्य अर्ध्यावर सोडायचं, आवाज गेला की तिथूनच उचलायचं. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये लहानाची मोठी झाले, म्हणून मलाही ही सवय लागली. जयंतीच्या सभांमध्ये मी बोलता बोलता थांबते, तेव्हा लोकांना ते वक्तृत्वाचं कसब वाटतं. ते कसब नाही, खडकी आहे.

माझी लेक संघमित्रा मात्र त्या थांब्यात गप्प बसायची नाही. गॅलरीत पळायची. घास तोंडात, हात खरकटा आणि मान वर. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन ती पास झाली आणि म्हणाली, "आई, मला पायलट व्हायचंय. शाळा बघायला चल." मी कर्वेनगरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. गावोगावच्या व्यासपीठांवरून सांगत आलेय की मुलींना बांधून ठेवू नका. त्यामुळे मला चलच म्हणावं लागलं. माझा नवरा मिलिंद कारखान्यात नोकरीला आहे, शब्द मोजून वापरतो. तो एवढंच म्हणाला, "जवळची बघा. रविवारी डबा पोचवता येईल."

मी मान डोलावली. माझ्याही मनात तेच होतं.

ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगते: शाळा बघायला निघण्यापूर्वी मेडिकल करून घ्या. डोळे, कान, रंग ओळखणं, सगळं मान्यताप्राप्त डॉक्टरकडूनच तपासून घ्यायचं. स्वप्नात नापास होण्यापेक्षा दवाखान्यात नापास झालेलं स्वस्त पडतं. संघू पास झाली. पैशांचं काय, असं तुम्ही विचाराल. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उडावं लागतं आणि त्याची फी मध्यमवर्गीय माणसाला चक्कर आणते. घरात त्याचं ठरलंय. ते रडगाणं इथं नको.

पहिली शाळा पुण्यापासून तीन तासांवर. नाव मुद्दाम लिहीत नाही. स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. बायकांना निम्मं तिकीट असतं, ते सोडू नका. कंडक्टरनं आमच्या हातातलं माहितीपत्रक पाहिलं. विमानाचं चित्र पाहिलं. मग तिकिटं फाडत म्हणाला, "विमान शिकायला एसटीनं. करा, करा. उतरताना वरून उडी मारू नका म्हणजे झालं."

वाटेत एका हॉटेलात बस थांबली. दारावरच्या फळ्यावर मिसळ लिहिलेली, आत मिसळ नव्हती. विचारलं तर मालक म्हणाले, "फळा काय खायचाय का? भजी आहेत." भजी चांगली होती, गरमही होती. पुण्याच्या पंचक्रोशीत याहून जास्त आदरातिथ्याची अपेक्षा करू नये.

शाळेची इमारत काचेची. दारात एसीचा गारवा, भिंतीवर जगाचा नकाशा, सोफ्यावर बूड टेकताच पुढ्यात कॉफी. संचालक तासभर आमच्याशी बोलले. आणि काय बोलले ते गृहस्थ! आकाश कोणाच्या बापाचं नाही, म्हणाले. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या रस्त्यावरून सरळ चालता आलं नाही, त्यांच्या लेकींनी समुद्रावरून उडायला हवं, म्हणाले. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं क्षणभर थांबायचं, सगळं त्यांना ठाऊक होतं. मला भरून आलं. हे वाक्य मी का नाही बोलले आजवर, असा हेवासुद्धा वाटला. प्रवेशाचा अर्ज मी मागूनही घेतला.

संघू तेवढ्यात म्हणाली, "सर, हँगर बघता येईल?"

हँगर म्हणजे विमानांची मोठी शेड. आत पाच विमानं उभी होती. आज उड्डाणं नाहीत, हवामान ठीक नाही, असं दाखवायला आलेल्या बाईंनी सांगितलं. मी दारातून वर पाहिलं. आकाश घासून ठेवलेल्या ताटासारखं होतं. संघू एका विमानाभोवती फिरून आली, त्याच्या नाकाशी वाकली आणि मला हाक मारली. इंजिनाच्या फटीत गवताच्या काड्या होत्या, दोऱ्या, एक पीस. साळुंकीनं घर मांडलं होतं, तेही निवांतपणे. रोज फिरणाऱ्या पंख्यामागे कुठला पक्षी संसार करतो?

बाहेर एक विद्यार्थिनी कपडे वाळत घालत होती. संघूनं तिला विचारलं, इथं शेवटचा सोलो कधी झाला? सोलो म्हणजे इन्स्ट्रक्टर उतरून जातो आणि शिकणारी पहिल्यांदा एकटी उडते, ते उड्डाण. ती मुलगी चिमटा हातात धरून आठवत राहिली. शेवटी म्हणाली, "मी आल्यापासून तरी नाही बघितला, ताई."

परतीच्या बसमध्ये मी शाळेची बाजू लढवली. बस अर्धी रिकामी होती म्हणून आवाजही चढला. इमारत नवी आहे, माणूस विचारांचा आहे, विमानं दुरुस्त होतील, आणि तीन तासांत घर. संघूनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, तुला माणूस आवडला," ती म्हणाली. "मी विमान बघायला गेले होते."

पट्टीच्या वक्त्याला फसवायचं तर दुसरा पट्टीचा वक्ता लागतो. आमच्या जमातीची ही चूक आहे. शेतकरी बैल घेताना दात बघतो, आम्ही बैलाच्या मालकाचं भाषण ऐकतो. पण मला खरी बोच दुसरीच होती. 'सभेत तर लेकींना लांब पाठवा म्हणतेस', हे ती मला सहज ऐकवू शकली असती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसरी शाळा थेट पूर्व विदर्भात. गोंदियाकडे जाणारी एक्स्प्रेस पुण्याहून रात्री उशिरा सुटते आणि दुसऱ्या दिवशी अख्खा महाराष्ट्र आडवा कापत जाते. तिकीट बरंच आधी काढा, हिवाळ्यात खालचं बर्थ मिळत नाही. सकाळी डोळे उघडले तेव्हा बाहेर कपाशी होती. शेगावला फलाटावरची कचोरी खाल्ली; ती न खाता पुढे जाणाऱ्याचा प्रवास अर्धवटच. वर्ध्याच्या पुढे ऊन कलायला लागलं आणि मी खिडकी सोडेना.

याच मार्गानं माझे बाबा खडकीला आले होते. भंडाऱ्याजवळच्या गावातून, पत्र्याची पेटी घेऊन, कारखान्यातल्या नोकरीसाठी. त्यांच्या आईला पुणं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की सकाळी चुलीपाशी येणारं पोरगं आता येणार नाही. बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या गावी मी लहानपणी एकदाच गेलेय. आठवतात ती तळी आणि भाताच्या पेंढ्यांचा वास. नागपूर मागे पडल्यावर दाराशी जाऊन उभी राहिले. वास आला. की मला वाटला, कोण जाणे. बाबांना विचारायचं होतं की पेटी उचलली तेव्हा आजी काय म्हणाली. कधी विचारलंच नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये राहिलो. खोली साधी, चादर स्वच्छ, गरम पाणी बादलीनं मिळतं. सकाळी टपरीवर तर्री पोहे खाल्ले; पुणेकरांनी तर्री वेगळ्या वाटीत मागावी आणि जिभेचा विमा उतरवावा. रिक्षावाले काका पन्नाशीचे. कुठं जायचं ते सांगितल्यावर म्हणाले, "इमानाच्या शाळेत? पोरगी शिकनार का जी?" मग रस्ताभर ते संघूलाच माहिती देत राहिले: कुठल्या तळ्यात शिंगाडे, कुठल्या झाडावरून विमान खाली येताना दिसतं. पुण्याहून आलो म्हटल्यावर हसले. "तिकडून इकडे शिकाले येनारे पैल्यांदा पायतो. आमची पोरं तं तिकडेच पयतात."

शाळा म्हणजे पत्र्याची शेड, दोन खोल्या आणि एक नळ. धुकं अजून रनवेवर बसलं होतं. मुख्य प्रशिक्षक म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक कॅप्टन, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. मी माझे प्रश्न मांडले. शिक्षणाचं तत्त्वज्ञान काय, मुलींच्या सुरक्षिततेचा विचार काय, असं बरंच. त्यांनी डोकं खाजवलं. "मॅडम, मला असं बोलता येत नाही. सात विमानं आहेत. दोन उघडून ठेवलीत, पाच उडतील. धुकं जाऊ दे, बसा, बघा." वसतिगृह आणि वॉर्डनबाई त्यांनी दाखवल्या, जेवणात डाळ-भात रोज आणि तक्रार करायची नाही, हेही सांगितलं. मला ती शाळा मुळीच आवडली नाही. एकही चांगलं वाक्य नव्हतं तिथं.

धुकं निवळलं. एकामागून एक विमानं निघाली. थोड्या वेळानं एक विमान उतरून शेडसमोर आलं, पण इंजिन बंद झालं नाही. उजव्या बाजूचं दार उघडून कॅप्टन खाली उतरले, दार नीट लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि बाजूला झाले. आत एकच डोकं उरलं. शेजारचा विद्यार्थी कुजबुजला, "ऋतुजा. धाराशिवची. पहिला सोलो."

विमान वळलं, धावलं, उठलं. कॅप्टन हातात रेडिओ घेऊन उभे. ओठ हलत होते, अंगठा मात्र बटणावर नव्हता. मला राहवलं नाही. तिला काही सांगत का नाही, असं मी विचारलं.

"आत्ता बोललो तर ती माझ्याकडे लक्ष देईल," ते म्हणाले, आणि मान वरच ठेवली.

आयुष्यभर मी बोलून माणसं उभी केली, असं मला वाटत आलंय. त्या शेडमध्ये गप्प राहून कोणी कोणाला वर धरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

विमान एक फेरी मारून खाली आलं, चाकं टेकली, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं. पोरं बादल्या घेऊन नळाकडे पळाली. पहिला सोलो करून आलेल्याला भिजवायचं, ही तिथली रीत. आणि पहिला तांब्या घरच्या माणसानं ओतायचा, घरचं कोणी नसेल तर त्या दिवशी आलेल्या पाहुण्यानं. ऋतुजा नळाशी येऊन उभी राहिली, हसत. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि मला म्हणाली, "काकू, माझी आई गावाला आहे. तुम्ही ओता."

पाणी बर्फासारखं होतं. माझ्याकडे जन्मभर पुरतील एवढी भाषणं आहेत, त्यातलं एकही आठवलं नाही. मी तांब्या तिच्या डोक्यावर रिता केला. मग बादल्यांचा पाऊस पडला आणि मीही कंबरेपर्यंत भिजले.

माझ्या लेकीचं नाव ज्या सम्राटकन्येवरून ठेवलंय, ती बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार निघाली तेव्हा तिचा बाप गळ्याएवढ्या पाण्यात उतरला होता, अशी कथा आहे. शेकडो सभांत मी ती सांगितलीय. त्या लेकीचं धैर्य सांगितलंय, प्रत्येक वेळी टाळ्या घेतल्यात. पाणी थंड होतं का, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

ऋतुजा केस पिळत होती. एकटीला कसं वाटलं, संघूनं विचारलं.

"शेजारची रिकामी सीट बघितली आणि पट्टा पुन्हा ओढून पाहिला," ती म्हणाली. "पण सर उतरले की विमान हलकं होतं गं. पटकन वर जातं. मला वाटलं होतं त्याच्या आधीच मी वर होते."

संघू नळाजवळच्या जमिनीकडे बघत होती. भात निघून गेलेला, सगळा मुलूख कोरडा, आणि नळाभोवती मात्र घोट्याएवढा चिखल. कालचे बुटांचे ठसे, परवाचे ठसे, आजचे. ती त्यात पाय रोवून उभी होती. "हा सुकत नाही का कधी?" तिनं विचारलं. पोरं हसली. कोणी ना कोणी भिजतंच, म्हणाली.

संघूनं माझ्याकडे पाहिलं. तिला त्या दिवशी बोलायची गरज नव्हती. हट्ट केला असता तर मी वादात जिंकलेही असते.

"इथंच," मी म्हणाले.

तर वाचकहो, माझ्या अनुभवाचं सार हवं असेल तर हे घ्या. काचा मोजू नका, उडणारी विमानं मोजा. इन्स्ट्रक्टर किती आणि वाट बघणारी पोरं किती, ते पोरांनाच विचारा, कार्यालयात नव्हे. सकाळी जा आणि दुपारपर्यंत थांबा. आणि मुलगी आहे म्हणून जवळची शाळा बघणाऱ्यांनो, स्वतःला एकदा विचारा की ती सोय कोणाची आहे. हे मी तुम्हाला सुनावतेय खरी, पण गोंदियाच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघताना मीच मनात तास मोजत होते. जवळजवळ एक दिवस. डबा पोचेपर्यंत आंबेल.

घरी आल्यावर मिलिंदनं बूट पाहिले. संघूच्या बुटांवर वाळून पांढरा पडलेला चिखल होता, भाताच्या मुलखातला. त्यानं विचारलं, जवळची का नको? मी सांगायला सुरुवात केली आणि विमान आलं. दोघंही थांबलो. आवाज विरल्यावर मला वाक्य उचलता येईना. त्यानं बूट घेतले, गॅलरीत नेऊन ठेवले. चिखल झाडला नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग रविवारी करू काय आपण?"

संघू गेली. फोन येतो, तोही तुटक. पहाटे उठावं लागतं, रात्री झोप येते, एवढंच सांगते. अजून भिजलेली नाही. आज धुकं होतं, म्हणते. त्या फोनसाठी माझा जीव दिवसभर टांगलेला असतो.

परवा वाघोलीच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. विषय नेहमीचाच, मुलींनी मोठी स्वप्नं पाहावीत. अर्ध्या वाक्यात असताना लोहगावच्या बाजूनं विमान आलं. सवयीनं थांबले. पोरं माझ्याकडे बघत होती. विमान गेलं, आवाज गेला, सभागृह शांत झालं. पुढचं वाक्य तोंडपाठ होतं. मी खिडकीकडे बघत अजून थोडा वेळ तशीच उभी राहिले.